रिकामा रकाना कोणाचा?

गोंदिया जिल्ह्यातीलच काय, महाराष्ट्रातील कोणत्याही कचेरीत नमुन्याचा रकाना कोरा ठेवून कागद पुढे सरकत नाही, हे तत्त्व प्रशासनाच्या अभ्यासकांना सुपरिचित असले, तरी संगणकाच्या भाषांना ते उमगण्यास बराच काळ लागला. कारकुनाच्या हाती कोऱ्या जागेसाठी शून्य, आडवी रेघ, ‘लागू नाही’, ‘माहिती अप्राप्त’ आणि या सर्वांत प्रतिष्ठित असे ‘निरंक’ ही हत्यारे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि त्यांपैकी कोणते केव्हा उपसायचे याचे ज्ञान त्याला नेमणुकीच्या आदेशातून नव्हे, तर वरिष्ठांच्या पहिल्या लाल शेऱ्यातून होते. अर्ज आले पण एकही मंजूर झाला नाही, तर मंजुरीच्या रकान्यात शून्य येते. अर्जच आले नाहीत, तर निरंक येते. आणि अर्ज आले की नाही हे पाहणारा लिपिक रजेवर असेल, तर माहिती अप्राप्त असते. कळवण्यासारखे काही नाही हेदेखील दरमहा लेखी कळवावे लागते आणि त्या न कळवण्याला जावक क्रमांक पडतो, यावरून रिकामेपणाचा विचार या संस्कृतीने किती गांभीर्याने केला आहे याची कल्पना यावी.

याच्या तुलनेत जावास्क्रिप्ट या भाषेची स्थिती पाहण्यासारखी आहे. जगातील जवळजवळ प्रत्येक संकेतस्थळामागे चालणारी ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत अवघ्या दहा दिवसांत उभी केली. या भाषेत ‘चल’ म्हणजे माहिती ठेवण्याची नाव दिलेली जागा, म्हणजेच रकाना. आणि हा रकाना रिकामा असण्याचे दोन अधिकृत प्रकार आहेत. ज्यात कोणी काही ठेवलेच नाही, त्याचे मूल्य ‘अनडिफाइन्ड’ असते. ज्यात ‘येथे काही नाही’ असे कोणी मुद्दाम लिहून ठेवले, त्याचे मूल्य ‘नल’ असते. नलची कल्पना जुनी आहे. टोनी होअर यांनी ती १९६५ साली अल्गॉल डब्ल्यू या भाषेत आणली आणि २००९ साली, ही आपली अब्ज डॉलरची चूक होती, असे जाहीरपणे कबूल केले. जावास्क्रिप्टने मात्र एकाच्या जागी दोन रिकामेपण ठेवून, नल हा कोणत्या जातीचा असे विचारल्यावर ‘वस्तू’ असे उत्तर देण्याची सोयही केली. हा दोष पहिल्या आवृत्तीपासूनचा आहे आणि तो आता दुरुस्त करता येत नाही, कारण जगभरची जुनी पाने त्या दोषाच्या भरवशावर सुरळीत चालू आहेत. या युक्तिवादाशी महसूल खात्यात काम केलेला मनुष्य चटकन सहमत होईल.

रिकामा रकाना दिसला की त्यात आपल्या मनाने एखादे मूल्य घालून मोकळे होणे, यास संगणकाच्या परिभाषेत ‘डिफॉल्ट’ म्हणतात. या तंत्राचा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा प्रयोग संगणकावर नव्हे, तर प्राथमिक शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात झाला. मुलाचा जन्म ‘धान कापणीच्या वेळचा’ किंवा ‘मोठ्या पुरानंतरचा’ एवढीच माहिती घेऊन आलेल्या पालकापुढे गुरुजींनी मुलाच्या उंचीवरून वर्षाचा अदमास बांधला आणि तारखेच्या जागी १ जून ठोकून दिला, कारण शाळा जूनमध्ये भरते आणि ठरलेले वय पूर्ण झाल्याशिवाय पहिलीत नाव घालता येत नाही. परिणामी राज्यातील एका संपूर्ण पिढीचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. त्यात आजी-माजी आमदार, प्राचार्य आणि हवालदार असा कोणताही भेद राहत नाही, आणि महिन्याच्या पहिल्या तारखेस जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो असा नियम असल्याने ३१ मे रोजी कचेऱ्यांतून निरोपसमारंभांची अक्षरशः रांग लागते. त्या दिवशी हारतुऱ्यांचा भाव वाढत असेल, तर त्याचे श्रेय एका डिफॉल्ट मूल्याला दिले पाहिजे.

जावास्क्रिप्टचा या बाबतीतील अंदाज गुरुजींच्या तुलनेत फारच बेफिकीर आहे. जन्मतारखेच्या जागी नल देऊन तिला दिनांक तयार करण्यास सांगितले असता, ती नलचे शून्य करते आणि १ जानेवारी १९७० ही तारीख देते. भारतीय वेळेप्रमाणे पहाटे साडेपाच वाजता, कारण तिचा काळ ग्रिनिचच्या मध्यरात्री सुरू होतो. अनडिफाइन्ड दिल्यास मात्र ती ‘अवैध दिनांक’ असे सांगून हात वर करते. म्हणजे ‘येथे काही नाही’ असे स्पष्ट लिहिणाऱ्याला जन्मवेळेसह तारीख मिळते आणि जो गप्प बसतो त्याला काहीच मिळत नाही. गुरुजींनी निदान मुलाकडे एकदा पाहिले तरी होते.

डिफॉल्ट देण्याची जावास्क्रिप्टमधील सर्वांत जुनी आणि लोकप्रिय रीत म्हणजे दोन उभ्या दंडांची. श्लोकाच्या शेवटी येतात तसे दिसणारे हे चिन्ह ‘किंवा’ असे वाचले जाते. चलांना देवनागरी नावे देण्यास या भाषेची काही हरकत नसल्यामुळे उदाहरण पुढीलप्रमाणे लिहिता येते. (त्यातील आकडे येथे वाचकाच्या सोयीसाठी देवनागरीत छापले आहेत, यंत्राला ते चालत नाहीत आणि त्याचा प्रताप पुढे येणारच आहे.)

उतारा = मोजलेलाउतारा || ६७

गोंदिया हा धानाचा आणि राईस मिलांचा जिल्हा. आधारभूत किमतीने खरेदी केलेले धान भरडाईसाठी मिलांकडे जाते, आणि एक क्विंटल धानामागे ६७ किलो तांदूळ परत आला पाहिजे असे शासकीय प्रमाण ठरलेले आहे. दाणा तुटला काय आणि कोंडा जास्त निघाला काय, प्रमाण ६७ चेच. वरील ओळीचा अर्थ असा की, मोजलेला उतारा उपलब्ध असेल तर तो घ्यावा, नसेल तर ६७ धरावे. येथवर सर्व ठीक दिसते. अडचण ‘उपलब्ध असेल तर’ या शब्दांत आहे, कारण दोन दंड हा प्रश्न विचारतच नाहीत. ते विचारतात की डावीकडचे मूल्य सत्यात जमा आहे की असत्यात. असत्यात जमा होणाऱ्यांची यादी मोठी नाही, पण त्यातील मंडळी एकमेकांना ओळखतही नसतील अशी आहेत: प्रत्यक्ष ‘असत्य’, शून्य, उणे शून्य (असे एक शून्य या भाषेत खरोखरच आहे), मोठ्या पूर्णांकांचे वेगळे शून्य, रिकामी अक्षरमाला (म्हणजे एकही अक्षर नसलेला मजकूर), नल, अनडिफाइन्ड आणि ‘ही संख्या नव्हे’ असे सांगणारे ‘नॅन’. बाकी सर्व सत्यात जमा. त्यामुळे अवतरणचिन्हांत लिहिलेले ‘०’ सत्य ठरते, ‘निरंक’ हा शब्द अर्थातच सत्य ठरतो, आणि एकही घटक नसलेली यादीसुद्धा, खरेदी केंद्रावर रिकामा बारदाना मोजून घेतात त्याप्रमाणे, सत्य म्हणूनच मोजली जाते.

शून्याला असत्यात ढकलल्याने काय होते, हे उन्हाळी धानाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. जिल्ह्यात खरिपाचे धान बहुतेक सर्वांचे असते. उन्हाळी धान मात्र ज्याच्या बांधीला कालव्याचे, बोअरचे किंवा तलावाचे पाणी पोहोचते त्याचेच. समजा, एखाद्या प्रणालीत उन्हाळी क्षेत्र कोणी भरले नाही तर खरिपाएवढेच धरावे, अशा सद्‌हेतूने पुढील ओळ लिहिली:

उन्हाळीक्षेत्र = भरलेलेक्षेत्र || खरीपक्षेत्र

आता तलाव आटला म्हणून ज्याने उन्हाळी लावलेच नाही आणि प्रामाणिकपणे रकान्यात शून्य भरले, त्या शेतकऱ्याच्या नावे खरिपाएवढेच दोन हेक्टर उन्हाळी धान डोलू लागते. याउलट ज्याने लबाडीने अर्धा गुंठा भरला त्याचा अर्धा गुंठा जसाच्या तसा मान्य होतो, कारण अर्धा गुंठा सत्यात जमा आहे. शून्य भरणाऱ्या शेतकऱ्याने तक्रार केली असता त्याला पुन्हा शून्य भरण्याचा सल्ला दिला जातो, तो पुन्हा शून्य भरतो आणि प्रणाली पुन्हा दोन हेक्टर दाखवते. आणि शेवटी कोणीतरी जाणकार त्याला ०.०१ भरण्यास सांगतो व प्रश्न सुटतो. खरे बोलण्यासाठी थोडेसे खोटे बोलावे लागणे ही दोन उभ्या दंडांची न्यायशास्त्राला मिळालेली देणगी होय.

तथापि दोन दंडांवर सरसकट ठपका ठेवणे अन्यायाचे होईल, कारण काही ठिकाणी शून्य आणि अभाव यांत खरोखरच फरक नसतो. या जिल्ह्याचे पाणी हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. जुन्या भंडारा जिल्ह्यात, आणि म्हणून आजच्या गोंदियातही, गावोगावी तलाव आहेत. त्यांतील अनेक कोहळी समाजाच्या कसबी हातांनी घडले, पुढे मालगुजारांच्या ताब्यात राहिले, आणि १९५१ मध्ये मालगुजारी गेल्यावर सरकारजमा होऊन ‘माजी मालगुजारी’ या नावाने कागदोपत्री आले. लोकांनी त्याचे ‘मामा तलाव’ करून टाकले. रोवणीच्या वेळी पाण्याचा विचार साधारण असा चालतो:

पाणी = पाऊस || मामातलाव || इटियाडोह

पाऊस शून्य पडला काय किंवा तो किती पडला याची नोंदच नाही काय, पऱ्हे वाळू लागले की बघायचे तलावाकडेच, आणि तलावातही नसेल तर, अर्जुनी मोरगाव तालुक्याच्या बाजूला शेत असल्यास, इटियाडोह धरणाच्या कालव्याकडे. शिवाय डावीकडचे मूल्य सत्य निघाले की दोन दंड उजवीकडे ढुंकूनही पाहत नाहीत. यास अर्धवट मूल्यमापन न म्हणता ‘शॉर्ट सर्किट’ असे भयावह नाव दिलेले आहे, पण त्याचा अर्थ एवढाच की पाऊस पुरेसा झाला तर तलावाच्या तुडुमाकडे, म्हणजे पाणी सोडण्याच्या दाराकडे, कोणी फिरकत नाही. आणि तिन्ही ठिकाणी शून्य निघाले, तर ही ओळ शेवटचे शून्य काढून देते. त्यापुढे जावास्क्रिप्टचे काम संपते आणि पैसेवारीचे सुरू होते.

पैसेवारी ही सशर्त मूल्याची गोष्ट आहे. एखाद्या अटीवरून दोहोंपैकी एक मूल्य निवडायचे असेल, तर जावास्क्रिप्टमध्ये एक प्रश्नचिन्ह आणि एक अपूर्णविराम वापरतात. अट, प्रश्नचिन्ह, अट खरी असल्यास घ्यायचे मूल्य, अपूर्णविराम, खोटी असल्यास घ्यायचे मूल्य. गावाचे पीक रुपयात किती पैसे आले हे ठरवून ते पन्नास पैशांच्या आत असल्यास टंचाईच्या सवलती, नसल्यास नाही, हा निर्णय एका ओळीत असा बसतो:

स्थिती = पैसेवारी < ५० ? 'टंचाई' : 'समाधानकारक'

ही ओळ लिहिण्यास अर्धे मिनिट लागते. तिच्यातील पैसेवारी या एका चलाचे मूल्य ठरवण्यास मात्र आधी नजरअंदाज, मग सुधारित आणि मग अंतिम अशा तीन फेऱ्या, ग्राम समितीची पीक कापणी आणि लोकप्रतिनिधींची निवेदने लागतात. खरेदी केंद्रावरची ओलाव्याची अटही याच घाटाची आहे. सतरा टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर धान घ्यायचे, नाहीतर वाळवून आणायला सांगायचे. आणि साडेसतरा आला तर मीटर पुन्हा लावून पाहायचे, ही तिसरी शाखा भाषेच्या व्याकरणात नसली तरी व्यवहारात आहे.

२०१५ सालच्या आवृत्तीत जावास्क्रिप्टने डिफॉल्टसाठी आणखी एक सोय दिली. सूत्राला द्यावयाच्या माहितीपुढेच बरोबरीचे चिन्ह लावून पर्यायी मूल्य लिहून ठेवता येऊ लागले:

पत्ता = (गाव, जिल्हा = 'भंडारा') => गाव + ', जि. ' + जिल्हा

गाव सांगितले आणि जिल्हा सांगितला नाही, तर जिल्हा भंडारा. हे सूत्र ३० एप्रिल १९९९ पर्यंत गोंदियासाठी अगदी बरोबर होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चुकले, कारण १ मे १९९९ रोजी भंडाऱ्याचे विभाजन होऊन गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला. डिफॉल्ट मूल्याचा स्वभावच असा की ते बदलले गेले नाही तरी कुठलीही घंटा वाजत नाही. ज्याने जिल्हा लिहिला तो गोंदियाचा होतो आणि जो गप्प राहिला तो भंडाऱ्यातच राहतो. अर्थात गोंदियाच्या जुन्या रहिवाशाला याची सवय असावी. घराचा उंबरठा न बदलता त्याने मध्यप्रांत व वऱ्हाड, मध्य प्रदेश, मुंबई राज्य आणि महाराष्ट्र एवढी राज्ये पाहिली आहेत, आणि जन्माच्या दाखल्यावर, शाळेच्या दाखल्यावर व शिधापत्रिकेवर वेगवेगळे पत्ते असूनही ते सर्व त्या-त्या दिवशी खरे होते. या सूत्रात आणखी एक खोच आहे: पर्यायी मूल्य केवळ अनडिफाइन्डसाठीच लागू होते, नलसाठी नाही. जिल्ह्याचा रकाना सोडून दिला तर ‘जि. भंडारा’ छापले जाते. त्यात मुद्दाम नल लिहिले, तर जिल्ह्याचे नाव म्हणून ‘नल’ हाच शब्द इंग्रजीत पाकिटावर उमटतो आणि ते पाकीट कोणत्या टपालथैलीत टाकावे हा प्रश्न पोस्टमनवर सोपवला जातो.

शून्यावरील अन्याय दूर होण्यास २०२० साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या आवृत्तीत दोन प्रश्नचिन्हांचे नवे चिन्ह आले. ते डावीकडचे मूल्य सत्य की असत्य हे न पाहता, तेथे नल किंवा अनडिफाइन्ड आहे काय एवढेच पाहते. असल्यास उजवीकडचे घेते, नसल्यास डावीकडचे, मग ते शून्य का असेना. ‘उन्हाळीक्षेत्र = भरलेलेक्षेत्र ?? खरीपक्षेत्र’ असे लिहिताच आमच्या शेतकऱ्याचे दोन हेक्टर काल्पनिक धान एका रात्रीत साफ होते. मायक्रोसॉफ्टच्या सी-शार्प भाषेत हेच चिन्ह २००५ पासून आणि पीएचपीत २०१५ पासून होते, हे पाहता जावास्क्रिप्टने घाई केली असे कोणी म्हणणार नाही. दोन दंड आणि दोन प्रश्नचिन्हे एकाच ओळीत कंसाविना लिहिल्यास भाषा ती ओळ वाचण्यासच नकार देते. जुना आणि नवा नियम एकाच टिपणीत आल्यावर आधी स्पष्टीकरण मागवण्याची ही वृत्ती खरोखर आश्वासक आहे.

परंतु या सर्व सुधारणांना पुरून उरणारी एक अडचण देवनागरीची आहे. वर म्हटल्याप्रमाणे जावास्क्रिप्ट ‘धान’ हे नाव आनंदाने स्वीकारते, आणि याचा अर्थ तिला मराठी कळते असा भोळा समज होण्याचा संभव असतो. मोबाइलच्या मराठी कळफलकावर देवनागरी आकडे मिळतात, आणि त्यामुळे वीस क्विंटल धान आणणारा मनुष्य मजकुराच्या चौकटीत ‘२०’ असे शुद्ध मराठीत लिहितो. चौकटीतून येते ती अक्षरमाला. तिची संख्या करण्यासाठी तिच्याआधी अधिक चिन्ह लावण्याचा प्रघात आहे:

धान = +नोंद || ०

देवनागरी वीस पाहून भाषा ‘नॅन’ असा निकाल देते, म्हणजे ही संख्या नव्हे. नॅन असत्यात जमा असल्याने दोन दंड त्याजागी शून्य ठेवतात. आणि वीस क्विंटल धान चुकारा निघण्याआधीच हवेत विरते. यावर उपाय म्हणून दोन प्रश्नचिन्हे वापरावीत, तर ती फक्त नल आणि अनडिफाइन्डला हटकतात, नॅनला मोकळे सोडतात, आणि पावतीवर क्विंटलच्या रकान्यात ‘नॅन’ छापून येते. त्यातली मौज अशी की, ज्याने चौकट कोरीच सोडली त्याच्या रिकाम्या अक्षरमालेची हीच भाषा बिनतक्रार शून्य ही अस्सल संख्या करते. म्हणजे काहीच न लिहिणारा गणितज्ञ ठरतो आणि मातृभाषेत वीस लिहिणारा निरक्षर. शिवाय या नॅनची जात विचारली तर भाषा ती ‘संख्या’ अशीच सांगते, आणि नॅन हा नॅनच्या बरोबर आहे काय असे विचारल्यास नाही म्हणते. उपाय अवघड नाही. संख्या करण्यापूर्वी देवनागरी अंकांच्या जागी आंतरराष्ट्रीय अंक बसवणारी एक ओळ पुरते. पण ती लिहिण्यासाठी समोरचा मनुष्य असा आकडा लिहू शकतो हे कोणाच्या तरी ध्यानात यावे लागते, आणि ते सहसा पहिली नॅनछाप पावती हाती पडल्यावरच येते.

२०२१ साली जावास्क्रिप्टमध्ये दोन प्रश्नचिन्हांना बरोबरीचे चिन्ह जोडून ‘रिकामे असेल तरच भर’ अशी आज्ञा एका चिन्हात देण्याची सोय झाली. आणि योगायोगाने त्याच वर्षी १५ ऑगस्टला महाराष्ट्रभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने आपल्या गटात उभे राहून पिकाचे छायाचित्र काढायचे आणि नोंद स्वतःच करायची. त्याची मुदत संपल्यावर उरलेल्या गटांची नोंद तलाठ्याने किंवा सहायकाने करायची, आणि ज्यांनी आधीच नोंद केली आहे त्यांच्या गटाला हात लावायचा नाही. हाच नियम जावास्क्रिप्टमध्ये मांडायचा तर:

पीक ??= सहायकाचीनोंद

शेतकऱ्याने ‘धान’ लिहिले असेल तर धान राहते, ‘चालू पड’ लिहिले असेल तर पडही राखली जाते, आणि काहीच नसेल तेव्हाच सहायकाला बांधावर जावे लागते. या ओळीला एकच फट आहे. समजा, शेतकऱ्याने नोंद उघडली, पिकाचे नाव निवडले नाही, आणि तरीही ‘पाठवा’ हे बटण दाबले, तर प्रणालीत रिकामी अक्षरमाला जाऊन बसते. ती नल नव्हे आणि अनडिफाइन्डही नव्हे, म्हणून या ओळीच्या मते रकाना भरलेला आहे. सहायक त्या गटाकडे फिरकत नाही, बांधीत धान निसवलेले असते, सातबारावर पिकाची जागा कोरी असते, आणि तालुक्याच्या प्रलंबित नोंदींच्या गोषवाऱ्यात त्या गावापुढे बिनचूक शून्य असते.